मुक्या दगडाची अंत्ययात्रा

शरद सरत आला होता. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या त्या सखल, सजल, निर्जन प्रदेशात सकाळ होई ती धुक्यातून, आणि दुपार होई तीही धुक्यातूनच. लव्हाळी पिवळी पडली होती. पाणी करडे झाले होते. आणि त्या पाण्याच्या, त्या पंकाच्या, त्या पिवळ्या पसाऱ्याच्या वर, एल्डरमियर गावाच्या माथ्यावर, शुभ्र पाषाणाचे कॅथीड्रल उभे होते. उभे होते म्हणणे तसे धाडसाचेच. नव्वद वर्षे ते उभे राहायच्या खटपटीत होते.

आजोबांनी पाया खणला. मुलांनी भिंती चढवल्या. नातवांनी कमानी वळवल्या. पूर्वेकडचा गाभारा पुरा झाला तेव्हा ज्यांनी त्याची पहिली दोरी धरली होती त्यांची हाडे अस्थिगृहात रचून ठेवलेली होती. तीन बिशप आले नि गेले. दोन दुष्काळ आले नि गेले. मध्यंतरी एका पिढीत काम इतके थंडावले की अर्ध्या भिंतीवर झुडपे माजली आणि शेळ्यांनी ती खाल्ली. कॅथीड्रलला कसली घाई नव्हती. घाई चौथ्या बिशपला होती, कारण त्याचे वय झाले होते आणि त्याला मनोरा बघायचा होता.

म्हणून मनोरा चढत होता. चार प्रचंड खांबांच्या माथ्यावर, थरावर थर, थरावर थर, धुक्यातून वर आणि ढगांतून वर. चारांपैकी तीन खांब जुने होते, आजोबांच्या हातचे. चौथा, नैऋत्येचा, पाया खचल्यामुळे गेल्या चार उन्हाळ्यांत नव्याने रचलेला होता. चौघांत तोच देखणा होता. येणारेजाणारे त्याच्याच अंगावरून हात फिरवीत.

या कामावर थर्स्टन नावाचा एक म्हातारा होता. तो दगड घडवत नसे, आणि रचतही नसे. तो दगड ऐके.

खाणीतून पडावांवर लादून दगड येत, नदीकाठी उतरत, आणि रचायला जाण्याआधी एकेक दगड थर्स्टनपुढे येई. तो हातोडीचा हलकासा टोला देई, मान कलती करी, डोळे मिटून घेई. निकोप दगड खणखणतो. ज्याच्या पोटात भेग आहे, माती आहे, मुरलेली ओल आहे, तो नुसता धप्प म्हणतो. बोलता दगड आणि मुका दगड, एवढी दोनच नावे थर्स्टनला ठाऊक होती. बोलत्याच्या तळाशी तो छिन्नीने एक चंद्रकोर कोरी. दगड रचला गेला की ती कोर चुन्यात दडून जाई, ती पुन्हा कुणाला दिसत नसे. मुका दगड बाजूला टाकला जाई. चाळीस वर्षे हे असेच चालले होते.

आणि गेली चार वर्षे त्याला ऐकू येत नव्हते.

चार हिवाळ्यांपूर्वी तो तापाने फणफणला होता, तेव्हा दोन्ही कान वाहिले. ताप उतरला आणि मग एकेक आवाज उतरत गेला. आधी चिमण्या गेल्या. मग पाऊस गेला. छपरावरून ओघळ दिसत, पण ते ओघळ आता कुणा दुसऱ्याच्या घरावरून वाहत होते. मग सून सबीना हिची चुलीपाशी चाललेली गुणगुण गेली. सर्वांत शेवटी दगड गेला. टोला पडे, हाताला हादरा बसे, आणि पुढे काहीच नाही.

सांगायला हवे होते. त्याने सांगितले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी त्याने आपली मूठ झाकली. मुळात माणूस घुम्या, चार शब्दांच्या जागी मान हलवणारा. कुणाला संशय आला नाही. हातोडी कशी उसळते ते तो तळव्याने जोखू लागला. दगडाचा रंग पाहू लागला. दगड वाहून आणणाऱ्यांचे कान शाबूत होते, तेव्हा टोला मारून तो चोरट्या नजरेने त्यांच्याच चेहऱ्याकडे पाहू लागला. दहांतले नऊ दगड बरोबर निघत असतील. दहाव्याचे काय, हे तो स्वतःला विचारत नसे.

ते दहावे दगड, तळाशी चंद्रकोर ल्यालेले, नैऋत्येच्या खांबात जात राहिले.

त्याचा मुलगा हॅमो मनोऱ्यावर होता. बत्तीस वर्षांचा, रुंद तळव्यांचा, हसऱ्या तोंडाचा गवंडी. वरून रचणारी सारी टोळी त्याच्या हाताखाली होती. दगड वर ओढायचा झाला की हॅमो कठड्यावर हातोडी मारी: दोन टोले, थोडे थांबून मग एक. ओढा. खालचे लोक रहाटाला जोर लावीत आणि दगड डुलत डुलत आभाळात चढे. सारे गाव त्या टोल्यांवर दिवस मोजत असे, आणि बाप ते टोले मुलाच्या हाताच्या हालचालीवरून ओळखत असे.

येत्या संत मार्टिनच्या सणाला हॅमो उस्ताद होणार होता. दरसाल त्या सणाला बांधकाम थांबे. भिंतींच्या माथ्यावर गवत आणि शेणखत पसरून त्यांना थंडीसाठी झाकत, आणि त्याच दिवशी पाथरवटांच्या कामशाळेत नव्या उस्तादाची शपथ होई. शपथेला बापाने काटकोन मापायच्या गुण्यावर हात ठेवून ग्वाही द्यायची असे, की या घराण्याने जाणूनबुजून खोटा दगड रचला नाही. ग्वाही खोटी ठरली तर मुलाला कुठल्याच कामावर कुणी उभे करत नसे, ना इथे, ना समुद्रापलीकडे.

पाथरवटांची दुसरीही एक रीत होती, ती मात्र हसण्याची. कुणी दगड बिघडवला, छिन्नी घसरून कोपरा उडाला, की बाकीचे त्या दगडाची तिरडी बांधत. नाकात गाणी म्हणत तिची मिरवणूक निघे. ज्याने दगड बिघडवला तो डोक्यावर राख ओतून तिच्यामागे रडत चाले, सुतक त्याचेच असे. तिरडी अस्थिगृहाशी जाई, दगड तिथे पुरला जाई, आणि मग रडणाऱ्याच्या पाठीत सगळे मिळून रपाटे घालत. थर्स्टनने अशा कितीतरी अंत्ययात्रा पाहिल्या होत्या. चाळीस वर्षांत तिरडीमागे चालायची पाळी त्याच्यावर आली नव्हती, आणि याचा त्याला गर्व होता.

सणाला आठ दिवस उरले होते. दुपारची वेळ. थर्स्टन नैऋत्येच्या खांबाला टेकून पायाची पट्टी बांधत होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून हातोडीचा दांडा त्याने दातांत धरला होता. वाकताना हातोडीचे डोके खांबाला टेकले. वर, फार वर, हॅमोने एक दगड चुन्यात बसवला.

आणि थर्स्टनला ऐकू आले.

कानांतून नव्हे. दातांतून, जबड्यातून, कवटीच्या हाडांतून तो नाद चढला आणि त्याच्या मस्तकात घुमला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. चार वर्षांनी जगाने त्याला हाक मारली होती. आधी त्याला नुसता आनंद झाला, लहान पोरासारखा आनंद. त्याने खालचा एक गोटा उचलला, दांडा दातांत घट्ट आवळला, आणि खांबावर ठोकले. दगड खणखणला. शेजारचा खणखणला. तिसरा म्हणाला, धप्प.

तो हात वर करून, गुडघे टेकून, खांबाभोवती फिरत राहिला. धप्प. खण. धप्प. धप्प. देखण्या, दुधाळ, डौलदार त्या खांबात त्याचेच दगड मुके बसले होते. आणि त्या सगळ्यांच्या आड, खांबाच्या पोटात, जात्यात खडा सापडावा तशी एक बारीक, अखंड घरघर चालली होती.

खांब दळला जात होता. 

तेव्हाच जाऊन सांगितले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि बरी संपली असती. पण त्याने वर पाहिले. मनोऱ्याच्या कडेवर हॅमो उभा होता, उन्हाच्या एका तिरिपेत, हात कमरेवर ठेवून. आठ दिवस. आठ दिवसांनी काम थांबेल, वर नवा भार चढणार नाही. हॅमोची शपथ होऊन जाईल. मग हिवाळ्यात सांगू, हवे तर जन्मभर तिरडीमागे चालू. म्हातारा तोंडात मूग धरून बसला.

एवढे मात्र त्याने केले, की खांबाच्या मागच्या अंगाला, केसाएवढ्या एका भेगेवर, चुन्याने कालवाचा शिंपला चिकटवला. जुन्या गवंड्यांची ही युक्ती होती. भेग हलली तर शिंपला तडकतो.

त्या संध्याकाळी सबीनाने त्याच्यापुढे वाटी ठेवली आणि त्याच्या समोर येऊन बसली. चार वर्षे ती अशीच समोर येऊन, ओठ स्पष्ट हलवून बोलत असे. त्याला वाटे, तिची ती सवय आहे.

"मामंजी, जेवत का नाही?"

त्याने मान हलवली.

"आलार्ड उस्तादांना सांगून टाका एकदा. तुम्हाला ऐकू येत नाही ते. मला पहिल्या हिवाळ्यापासून ठाऊक आहे."

म्हाताऱ्याने वाटी बाजूला सारली. "हॅमोला?"

"त्यांना नाही सांगितलं. त्यांना फार अभिमान आहे तुमचा."

"सण होऊन जाऊ दे," थर्स्टन म्हणाला. "सण झाला की सांगतो. आपण होऊन सांगतो."

सबीनाला खांबाचे काही माहीत नव्हते. तिने मान डोलावली आणि ती चुलीकडे वळली.

पहिल्या दिवशी शिंपला अखंड होता. दुसऱ्या दिवशी अखंड होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या मोत्याच्या झिलईवर एक रेघ दिसली, पण धुक्यामुळे डोळ्यांना तसे वाटले असेल, असे त्याने मनाला समजावले. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा शिंपला दुभंगून दोन जागी झाला होता, आणि दोन तुकड्यांच्या मधून बोटभर काळोख दिसत होता.

म्हातारा धावला. 

मुख्य उस्ताद आलार्ड आपल्या खोलीत गिलाव्याच्या जमिनीवर परकाराने खिडकीचा आराखडा काढत होता. उतारवयाचा, कोरड्या स्वभावाचा, सरळ माणूस. थर्स्टन दाराची चौकट धरून उभा राहिला.

"आलार्ड, सगळ्यांना खाली बोलवा. नैऋत्येचा खांब जातोय."

आलार्डने वर पाहिले. "कशावरून?"

"त्यातले दगड मी न ऐकताच पुढे धाडलेत. मला चार वर्षं झाली, ऐकू येत नाही."

  परकार तिथेच टाकून आलार्ड बाहेर पडला आणि मनोऱ्याखाली जाऊन दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला.

माणसे गोल जिन्यावरून उतरू लागली. एक, दोन, पाच, नऊ, अकरा. धुळीने माखलेली, धापा टाकणारी, काय झाले ते न कळलेली. बारावा हॅमो. पण तेव्हा एक दगड दोराला टांगलेला होता, अर्ध्या आभाळात. टांगता दगड सोडून गवंडी उतरत नाही, हा त्यांचा नेम. मोकळा सुटलेला दगड झुलून खांबावर आदळतो. रहाटावरची माणसे पळाली होती, म्हणून हॅमोने वरूनच दोर तुळईला वेढा देऊन आवळला आणि तो दगड हळूहळू खाली सोडू लागला.

थर्स्टन मनोऱ्याच्या पोकळीखाली उभा राहून वर बघत होता. फार उंचावर त्याला मुलाचा चेहरा दिसला, पाटीवरच्या ठिपक्याएवढा. तोंड उघडत होते. हात हलत होता. इतक्या उंचीवरून ओठ वाचता येत नव्हते. बापाला वाटले, पोर आपल्याला बोलावते आहे. तो दोन पावले पुढेच सरकला. आलार्डने त्याला मागून काखेत धरून ओढले.

मग खांब बसला.

तो पडला नाही. थकलेला माणूस बसतो तसा तो बसला. त्याच्यामागून कमान आली, कमानीमागून मनोरा आला, मनोऱ्यामागून आभाळाचा एक चौकोन उघडा पडला. दलदलीतले सारे पक्षी एकदम उठले. चार कोसांवरच्या गावांत लोक दारांत आले. आणि थर्स्टनला ते सारे निःशब्दच दिसले. शुभ्र धुळीचा एक ढग उमलला, फुलला, भरून आला, आणि हळूहळू खाली उतरला.

धूळ बसल्यावर ढिगावर चंद्रकोरी दिसू लागल्या. चार वर्षे चुन्यात दडलेल्या, आता उघड्या पडलेल्या. इथे एक, तिथे एक, दगडादगडावर एक. लोक त्यांच्याकडे पाहत होते आणि मग थर्स्टनकडे पाहत होते.

"काय म्हणत होता तो?" थर्स्टनने विचारले.

आलार्ड त्याच्या समोर येऊन उभा राहिला, ओठ दिसतील असा. "'बाबा, बाजूला व्हा.' तीनदा म्हणाला."

दुपारी थर्स्टन त्या ढिगावर चढला. दांडा दातांत धरला, हातोडीचे डोके एका दगडाला टेकवले, आणि डोळे मिटले. दगड अजून खाली खाली सरकत होते, त्यांची कुरकुर त्याच्या जबड्यात उतरत होती. आणि त्या कुरकुरीच्या खालून, खोलातून, टोले आले. दोन. मग एक.

ओढा.

"तो जिवंत आहे," थर्स्टन म्हणाला. "ठोकतोय. मला ऐकू येतंय."

 काही जणांनी ढिगाला कान लावले. वारा वाहत होता, दगड करकरत होते, त्यांना दुसरे काही ऐकू आले नाही. ज्याने चार वर्षे बहिरेपण लपवले, तो बहिरा आज सांगत होता की मला ऐकू येते. सबीना पुढे झाली. तिने त्याच्या हातातून हातोडी घेतली, दांडा दातांत धरला, ओणवी झाली आणि तशीच राहिली. मग ती हातांनी दगड उपसू लागली.

आलार्डने वर पाहिले. उरलेले तीन खांब आत कलले होते. अर्धी कमान आधाराविना लोंबत होती, तिच्यातून वाळू झरत होती.

"या कमानीखाली मी माणसं घालू शकत नाही," तो म्हणाला. "बहिऱ्याच्या दातांवर विसंबून वीस माणसं कशी मारू?"

थर्स्टनने हातोडी त्याच्यापुढे धरली. "तुम्ही धरा दातांत. एकदा ऐका."

आलार्डने हातोडी घेतली. दांड्यावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. त्याने ती दातांत न धरताच परत दिली. न ऐकलेले नाकारता येते. ऐकले असते तर त्याला माणसे घालावी लागली असती.

सासरा आणि सून उपसत राहिली. माणसांनी त्यांना दोनदा ओढून काढले, दोनदा ती परत आली. दुसऱ्या दिवशी लोंबती कमान कोसळली, आणि मग लोकांनी दोर बांधून ती जागाच बंद केली. थर्स्टन दोराबाहेर, ढिगाच्या शेवटच्या दगडाला हातोडी लावून बसला. पहिल्या दिवशी टोले पाठोपाठ येत होते. दुसऱ्या दिवशी विसावून विसावून येऊ लागले. तिसऱ्या दिवशी, दुपारी, दोन टोले आले. तो तिसऱ्याची वाट पाहत राहिला. संत मार्टिनचा सण आला नि गेला, थंडी पडली, ढिगावर हिम साचले, आणि त्या हिमाखाली चंद्रकोरी पुन्हा झाकल्या गेल्या.

वसंतात खांबांना टेकू देऊन ढीग उपसला. तळाशी मनोऱ्यावरच्या दोन तुळया एकमेकींना भिडून कोनाडा झाला होता, त्यात हॅमो बसलेला सापडला. पाय अडकलेला, हातोडी मांडीवर. शेजारच्या दगडावर पांढरे ठिपके उठले होते. दोन आणि एक. दोन आणि एक. ओळीखाली ओळ, दगड भरून गेला होता. शेवटच्या ओळीत दोनच ठिपके होते. आलार्ड वाकला आणि त्याने ते ठिपके बोटाने चाचपले. 

ठिपक्यांच्या त्या दगडाला उलटे केले तेव्हा त्याच्या तळाशी चंद्रकोर निघाली.

एल्डरमियरमध्ये त्या दिवशी दोन तिरड्या निघाल्या. एकीवर हॅमो होता. दुसरीवर तो दगड. रीत होती म्हणून दगडाची तिरडी बांधली होती. नाकात गाणे मात्र कुणी म्हटले नाही. धुके विरळ होते. लव्हाळ्यांना कोवळे हिरवे कोंब फुटले होते. गावचे लोक दोन्ही बाजूंना उभे राहून पाहत होते की म्हातारा कुठल्या तिरडीमागे चालतो.

बाप मुलाच्या तिरडीमागे चालला नाही. त्याने टोपलीतली राख डोक्यावर ओतली आणि तो दगडामागे उभा राहिला.

सबीनाने मागे वळून पाहिले. मग ती हॅमोमागे चालू लागली. तेवढ्यात आलार्ड गर्दीतून निघाला. वाकून त्याने त्याच टोपलीतून ओंजळभर राख घेतली, ती आपल्या माथ्यावर ओतली, आणि तो थर्स्टनच्या शेजारी येऊन दगडामागे चालू लागला. दोघे म्हातारे, राखेने पांढरे, पाऊल टाकीत, पाऊल टाकीत, अर्ध्या उरलेल्या कॅथीड्रलला वळसा घालून गेले. घंटा वाजत होत्या. एकाला त्या ऐकू येत होत्या.

अस्थिगृहाशी, जिथे पहिली दोरी धरणाऱ्यांची हाडे रचलेली होती, तिथे दगड खड्ड्यात उतरवला. रपाटे घालायला कुणी पुढे आले नाही. माणसे एकेक करून गेली. आलार्डही गेला. थर्स्टन गुडघ्यांवर बसला, हातोडीचे डोके त्याने दगडाला टेकवले, दांडा दातांत आवळला. मग एक गोटा उचलून, अगदी हलकेच, त्याने ठोकले.

दोन. मग एक.

आणि डोळे मिटून, मान कलती करून, तो ऐकत राहिला.